ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बो : टर्बो मॅनिफोल्डवरून निघत नाही, एक बोल्ट गोल झालाय

लातूर_२०व्ही
नमस्कार मंडळी. गाडी ऑक्टाव्हिया आरएस, पहिल्या पिढीतली, १.८ टर्बो, २० व्हॉल्व्ह, १५० बीएचपी. टर्बो मूळचाच, के०३ मॉडेलचा. थंड इंजिन स्टार्ट केलं की निळा धूर. इनटेक पाइप काढून बघितलं तर शाफ्ट इतका ढिला, की कॉम्प्रेसरच्या चाकाने घराला घासून चकचकीत रेघ पाडलीय. म्हणजे टर्बो गेलाय, त्यात वाद नाही. तो निघेना, हे दुखणं आहे.

सुटलेलं सामान : बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, इनटेक पाइप, वरचा पत्रा, डाउनपाइपचे नट, वरून येणारा ऑइलचा पाइप, पाण्याचे दोन्ही बँजो (मधून भोक असलेल्या बोल्टाचे जोड). मॅनिफोल्ड (हेडवरून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचा गठ्ठा) आणि टर्बो जोडणाऱ्या तीन बोल्टांपैकी एक निघाला. दुसरा पान्याला पाइप लावूनही हलत नाही. तिसरा, फायरवॉलकडचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडचा), आधी कुणीतरी बारा कोनी गोटीने (सॉकेटने) पार गोल करून ठेवलेला आहे. गंजाचा स्प्रे मारून झाला, फरक नाही.

विचारायचं असं :
१) गाडीवरच गॅस लावू का? मागे वायरिंग, ब्रेकच्या नळ्या, एक्सलचं रबर सगळंच जवळ आहे.
२) का मॅनिफोल्डसकट सगळा गठ्ठा बाहेर काढू?
३) बोल्ट तुटलाच तर पुढं काय?

टर्बोवर खालून हातोडा मारून बघा असा सल्ला मिळालाय. अजून मारला नाही.

परभणी_फिटर
हातोडा मारला नाही ते बरं केलं. बोल्टाच्या मागं लागायच्या आधी दोन गोष्टी बघा, तुमच्या यादीत त्या नाहीत. या इंजिनात टर्बोला खालून आधाराचा ब्रॅकेट असतो, तो ब्लॉकला जातो. तो सोडलाय का? आणि ऑइल रिटर्नचा पाइप? हा टर्बोच्या पोटातून सम्पला (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला) जातो, दोन्ही टोकांना दोन-दोन एम६ बोल्ट. हे राहिलं तर तिन्ही बोल्ट काढूनही टर्बो जागचा हलणार नाही, आणि माणसाला वाटतं पॅकिंग चिकटलंय. मग सब्बल येते, मग फ्लँजला (जोडाच्या सपाट कडेला) टवका जातो.

रिटर्नच्या एम६ बोल्टाला जोर करू नका. ते उष्णतेने वाळून गेलेले असतात. आधी ॲलन की बसायच्या खळग्यातली काजळी टोकदार सुईने उकरून काढा, की ठोकून पूर्ण आत बसवा आणि मगच फिरवा. निम्म्या खोलीवर बसलेली की खळगा गोल करते आणि मग तीन बोल्टांच्या जोडीला चौथं दुखणं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : होय, मॅनिफोल्डसकटच काढा. जाम बोल्ट शिकंज्यात धरून सोडवणं आणि फायरवॉलमागं हात घालून आंधळ्यासारखं सोडवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जागा करायची ती अशी. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. उजव्या एक्सलचे आतल्या बाजूचे सहा बोल्ट सोडा. त्यांना आत बारा दातांचा स्प्लाइन बिट लागतो. साधा टॉर्क्स किंवा ॲलन घुसवला तर दात जागेवर सोलले जातात. एक्सल सुटला की तारेने वर बांधून ठेवा, लोंबकळत सोडला तर आतला जॉइंट सुटा होतो. मग गिअरबॉक्सखालचं पेंडुलम माउंट सोडा आणि इंजिन पुढं ढकलून मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवा. मागं वीत नाही, पण हात आणि रॅचेट फिरेल एवढी जागा होते. माउंटचे बोल्ट ताणाचे असतात, ते परत वापरायचे नाहीत, आत्ताच मागवून ठेवा.

नंतर मॅनिफोल्ड हेडवरून सोडायचा. तिथं एम८ चे स्टड (बिनडोक्याचे, दोन्हीकडे आटे असलेले बोल्ट) आणि त्यावर तांब्याचा मुलामा दिलेले नट आहेत. सहा कोनी खोल गोटीच लावा. नट फिरायच्या ऐवजी स्टडच नटासकट बाहेर आला तर घाबरू नका, उलट चांगलं. हेडचे आटे शाबूत आहेत असं समजायचं.

वाळूज_टूलरूम
वरच्यांशी सहमत, गठ्ठा बाहेर काढा. गॅसबद्दल मात्र नीट समजून घ्या, कारण गॅस कशाला चालतो आणि कशाला नाही यातच सगळं आहे.

हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशांना वितळतं आणि वितळायच्या आधी लाल होत नाही. रंग बदलत नाही म्हणून माणूस ज्योत धरून बसतो आणि अचानक कोपरा खाली गळतो. म्हणून मॅनिफोल्ड हेडवर असताना हेडजवळच्या नटाला गॅस नाही म्हणजे नाही. तिथं स्प्रे, सबुरी आणि फार तर हॉट एअर गन.

मॅनिफोल्ड आणि टर्बोचं गरम बाजूचं घर हे दोन्ही बिडाचं. त्याला गॅस चालतो. हे सुटं करून बाहेर आणल्यावर करा, म्हणजे वायरिंग, ब्रेकचा पाइप, एक्सलचं रबर कशाचीच काळजी नाही. गाडीवर असताना पेट्रोलची वाफ हा वेगळा धोका. इंजेक्टर पुढच्या बाजूला असले तरी चारकोल कॅनिस्टरच्या (टाकीतली पेट्रोलची वाफ धरणाऱ्या डब्याच्या) नळ्या इंजिनखान्यातून फिरतात.

गरम काय करायचं? बोल्टाचं डोकं नव्हे. ज्या लोखंडात आटे आहेत ते, म्हणजे बोल्टाभोवतीचा फ्लँज. हिशेब सांगतो. बीड एका अंशाला दर मीटरमागं साधारण १२ मायक्रॉन फुगतं. १० मिमीचं भोक ५०० अंशांनी तापवलं तर ०.०६ मिमी मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण आट्यांत अडकलेली भाजलेली पापडी तेवढ्याने तडकते. बोल्टही हळूहळू तापतो म्हणून ज्योत फ्लँजवर पटकन आणि गोल फिरवत द्यायची, एका जागी रोखून नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात काम करा. उन्हात मंद लाल रंग दिसतच नाही आणि माणूस नारिंगीपर्यंत नेतो. मंद लाल दिसला की ज्योत बाजूला.

आता मेणबत्ती. लाली जाऊन रंग काळा पडला, पण धग आहे, तेव्हा साधी पांढरी मेणबत्ती बोल्टाच्या मुळाशी टेकवा. मेण पेटलं तर अजून फार गरम आहे, थांबा. नुसतं धुरकटून पातळ झालं की ते बोल्टाच्या कडेने आत ओढलं जाताना दिसतं, पाणी वाळूत जावं तसं. तेव्हा गोटी लावा. आधी उलट, म्हणजे आवळायच्या बाजूला किंचित. बारीक टक् असा आवाज आला की काम झालं. मग सोडायच्या बाजूला पाव फेरी, परत मागं, परत अर्धी फेरी. एका दमात ओढला तर अर्ध्यावर आटे एकमेकांत रुतून परत जाम होतात.

तापलेल्या बिडावर पाणी किंवा ओला फडका टाकू नका. तडा जातो. राखेत किंवा कोरड्या वाळूत आपोआप थंड होऊ द्या.

गॅस लावायच्या आधी टर्बोवरून वेस्टगेटचा (जादा धूर बाजूने सोडणाऱ्या झडपेचा) ॲक्च्युएटर, रबरी नळ्या आणि कॉम्प्रेसरचं ॲल्युमिनियमचं घर काढून घ्या. जुनं कोअर (म्हणजे जुना टर्बो) नव्याच्या बदलीत द्यायचं असेल तर ते धड राहायला हवं.

नांदेड_डिझेल
गॅसपर्यंत कामून जायचं? ॲसिटोन आणि ऑटो गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळून ब्रशने लावा, रात्रभर ठेवा. कुठल्याही स्प्रेपेक्षा बरं. फक्त दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, दरवेळी बाटली हलवूनच लावा.

वाळूज_टूलरूम
गंजलेल्या नटाला ते चालतं, मान्य. नळाचा नट, चेसिसचा बोल्ट, अशा ठिकाणी गंज सच्छिद्र असतो, तेल आत जातं. टर्बोच्या बोल्टावर गंज कमी आणि भाजलेली पापडी जास्त, शिवाय आटे आट्याला चिकटलेले. तेल शिरायला वाट नसते. त्यात आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ॲसिटोन लावता लावता उडून जातं. आणि सर्वात महत्त्वाचं : ॲसिटोन लावलेल्या जागी नंतर गॅस लावायचा नाही. एक काही तरी निवडा.

परभणी_फिटर
गोल झालेल्या बोल्टाबद्दल कुणी सांगितलं नाही. पायऱ्या अशा, सोप्याकडून अवघडाकडे.

डोक्यावर एक नंबर लहान सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसवा. इंची गोटी असेल तर अजून बरं, १६ चं डोकं झिजलं असेल तर ५/८ इंची घट्ट बसते. ती घसरली तर आतून उलट्या पिळाची एक्स्ट्रॅक्टर गोटी. तिने डोकं चावून धरलं जातं, बोल्ट अर्थात बाद.

तेही जमलं नाही तर डोक्यावर नवा मोठा नट ठेवून नटाच्या भोकातून आत वेल्डिंग भरा. हा खरा उपाय. वेल्डिंगची धग थेट बोल्टात उतरते, बोल्ट लांबीत फुगतो, थंड होताना आखडतो आणि पकड सोडतो. वेल्ड झाल्यावर लगेच पाना लावू नका, हाताला सोसेल इतपत निवू द्या. गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीच्या दोन्ही केबल काढा, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) प्लग काढा आणि अर्थिंगचा चिमटा त्याच मॅनिफोल्डला लावा. चेसिसला लावला तर करंट बेअरिंगांतून आणि वायरिंगमधून वाट शोधतो.

इम्पॅक्ट गन चालेल का, हा पुढचा प्रश्न येणारच. गरम केल्यावर, कमी जोरावर, छोट्या छोट्या झटक्यांत चालते. थंड जाम बोल्टावर पूर्ण जोराने लावली तर डोकं हातात.

लातूर_२०व्ही
ब्रॅकेट राहिलाच होता! तो आणि रिटर्न पाइप सोडला, सगळा गठ्ठा खालून बाहेर आला. दुसरा बोल्ट गॅस आणि मेणबत्तीने सुटला. गोल झालेल्यावर नट वेल्ड केला, फिरला, पण अर्ध्यावर तुटला. आता फ्लँजच्या आत खोल मोडलाय, वर काहीच नाही. शिवाय हेडवरचा एक एम८ स्टडही मोडला, तो साधारण १० मिमी बाहेर आहे. इझी-आउट (मोडक्या बोल्टात पिळून तो काढायचं उलट्या आट्याचं हत्यार) आणलंय. लावू का?

वाळूज_टूलरूम
इझी-आउट डब्यातच ठेवा. ते कडक पोलादाचं असतं. जाम बोल्टात पिळलं की मोडतं आणि मग त्यात ड्रिल शिरत नाही. जो बोल्ट पान्याने सुटला नाही तो त्याच्याहून बारीक इझी-आउटने सुटेल, हा हिशेबच चुकीचा आहे.

मॅनिफोल्डमधला एम१० : सुटा भाग आहे, त्यामुळे अर्धी लढाई जिंकली. मोडलेल्या बोल्टाचं तोंड ग्राइंडरने नाही, बारीक कानशीने किंवा एंड मिलने सपाट करून घ्या. तोंड तिरपं असेल तर पंच सरकतो आणि ड्रिल आट्यांच्या भिंतीत शिरतं. मग मधोमध पंच. आधी ३ मिमी, मग ५, मग ७, शेवटी ८.५ मिमी. एम१० ला १.५ पिचला (दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) टॅपचं, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराचं, ड्रिल ८.५ च आहे. तेवढं अगदी मध्यात गेलं तर बोल्टाच्या आट्यांची फक्त स्प्रिंगसारखी गुंडाळी उरते, ती टोकदार सुईने उचकटून काढता येते. कोबाल्टची ड्रिल, कमी वेग, भरपूर कटिंग ऑइल. डाव्या हाताची, म्हणजे उलटं फिरणारी ड्रिल मिळाली तर तीच घ्या. बऱ्याचदा ७ मिमीपर्यंत येता येता धग आणि पिळाने तुकडा आपोआप बाहेर येतो.

हाताच्या ड्रिलने हे करू नका. पिलर ड्रिलवर किंवा मिलिंगवर बांधून करा. आणि पिच गेजने तपासल्याशिवाय टॅप लावू नका. आधी कुणी वेगळा बोल्ट कोंबला असू शकतो.

आत काही कडक मोडलेलं असेल किंवा ड्रिल भरकटलं असेल तर स्पार्क इरोजन, म्हणजे ईडीएम. तांब्याच्या इलेक्ट्रोडने मोडका भाग जाळून काढतात, आट्यांना धक्का लागत नाही. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत डाय-मोल्डचं काम करणाऱ्या छोट्या दुकानांत हे मशीन असतं. लातूरहून सुटा मॅनिफोल्ड पाठवून द्या, अख्खी गाडी आणायची गरज नाही. ऑक्टाव्हिया २००१ पासून शेंद्र्यातच जुळायची, त्यामुळे संभाजीनगरात या इंजिनावर हात बसलेले जुने लोकही भेटतात, विचारत गेलात तर.

हेडचा एम८ : १० मिमी बाहेर आहे म्हणजे नशीब. तिथं गॅस नाही हे परत सांगतो, पण वेल्डिंगने नट लावणं चालतं. धग स्टडमध्येच राहते, क्षणभर असते. नट ठेवायच्या आधी स्टडवर एक पातळ वायसर सरकवा, म्हणजे वेल्डचे शिंतोडे हेडवर पडणार नाहीत. दोन-तीनदा वेल्ड तुटला तरी चालेल. प्रत्येक वेळची धग काम करत असते.

नट लावूनही हेडशी बरोबर मोडला तर असं करा. लेथवाल्याकडून पोलादी बुश करून घ्या. बाहेरून मॅनिफोल्डच्या फ्लँजच्या भोकात घट्ट बसेल, आतून ४ मिमी. मॅनिफोल्ड उरलेल्या स्टडवर बसवून आवळा आणि त्या बुशमधून ड्रिल करा. ड्रिल मध्य सोडूच शकत नाही. बुरा बघत राहा. गडद, कडक तुकडे येतायत तोवर तुम्ही स्टडमध्ये आहात. चांदीसारखे मऊ पांढरे छल्ले दिसले की लगेच थांबा, हेड कापलं जातंय. आटे गेलेच तर एम८ हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी भोकात बसवायची तारेची गुंडाळी), त्याचं ड्रिल ८.३ किंवा ८.४ मिमी, किटवर लिहिलेलं वापरा. एक्झॉस्टला नीट बसवलेलं हेलिकॉइल मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकतं, त्यात कमीपणा काही नाही.

मॅनिफोल्ड हातात आहेच तर सरळ पट्टी ठेवून हेडकडची बाजू तपासा. ०.१ मिमीचा फिलर कुठं शिरत असेल तर सरफेस ग्राइंडरवर साफ करून घ्या. आणि नळ्यांच्या मधल्या भागात बारीक तडे बघा. रॉकेल पुसून वर खडूची पूड फिरवली की तडा ओल्या रेघेसारखा उमटतो.

अंबाजोगाई_मोटर्स
सगळे बोल्टावरच बोलतायत. नवा टर्बो लावून हजार किलोमीटरवर परत निळा धूर, असं व्हायचं नसेल तर जुना मेला कशाने ते आत्ता बघा. जागा मोकळी आहे, परत एवढी मिळणार नाही.

वरचा ऑइलचा पाइप मॅनिफोल्डच्या अंगावरून जातो. गाडी पळवून लगेच बंद केली की त्यात अडकलेलं तेल भाजून कोळसा होतं, आणि आतला व्यास वर्षागणिक कमी होत जातो. पाइपातून उजेड दिसतो म्हणून तो चांगला असं नाही. त्याच्यातून तार फिरवून बघा, काळी खपली पडेल. दुसरं, सम्प उतरवा. उतरवाच. आत पिकअपची जाळी आहे, ती गाळाने निम्मी बुजली असेल तर टर्बोला तेल शेवटी आणि सर्वात कमी पोचतं. हे इंजिन १० ते १५ हजार किमी साध्या तेलावर चालवलं की गाळ ठरलेला. तेल ५डब्ल्यू-४० सिंथेटिक, व्हीडब्ल्यू ५०२.०० प्रमाणाचं, फिल्टरसकट साधारण साडेचार लिटर. आणि आपल्या धुळीत, आपल्या उन्हात ७,५०० किमीला बदल, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.

तिसरं कारण इकडचं खास : बोअरचं पाणी. या टर्बोचं मधलं घर पाण्याने थंड होतं. उन्हाळ्यात कूलंटची टाकी कमी दिसली की कुणीतरी बोअरचं किंवा टँकरचं पाणी ओततं. आपल्या पाण्यातला क्षार टर्बोच्या बारीक वाटेत पांढरा दगड होऊन बसतो. पाण्याच्या बँजो बोल्टाची आडवी भोकं बघा, तिथं सापडेल. नवा टर्बो त्याच पाण्यावर लावला तर इंजिन बंद केल्यावर बेअरिंगपाशी धग अडकून राहणार आणि तेल परत भाजणार. सिस्टिम साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुऊन मग गुलाबी जी१२ आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हिरव्या कूलंटमध्ये गुलाबी मिसळू नका, तपकिरी चिखल होतो.

लातूर_२०व्ही
बँजोची दोन भोकं खरंच बुजलेली निघाली, पांढरट, नखाने निघत नाही. सम्प उद्या उतरवतो. नुसतं कार्ट्रिज (टर्बोचा मधला शाफ्ट-बेअरिंगचा भाग) बदललं तर चालेल का पूर्ण टर्बो घेऊ? आणि बसवताना काय काय नवं लागेल?

परभणी_फिटर
कॉम्प्रेसरच्या चाकाने घराला रेघ पाडलीय असं तुम्हीच लिहिलंय. ती रेघ नखाला लागत असेल तर कार्ट्रिज नको. फट वाढलेली असते, बूस्ट कधीच पूर्ण येत नाही. नुसता डाग असेल तर कार्ट्रिज चालतं, पण बॅलन्सिंगचा कागद देणाऱ्याकडूनच घ्या. गरम बाजूच्या घरात वेस्टगेटच्या झडपेशेजारी तडा बघा. बारीक केसासारखा चालतो, झडपेच्या बसायच्या जागेपर्यंत गेलेला चालत नाही. झडपेची दांडी हाताने मोकळी फिरायला हवी, जाम असेल तर ओव्हरबूस्ट, म्हणजे हवेचा दाब प्रमाणाबाहेर, आणि स्कॅनरवर पी०२३४ हा फॉल्ट कोड.

नवं लागणारं सामान : टर्बोचे तीन बोल्ट, मॅनिफोल्डचे सगळे नट आणि शक्य तर स्टड, मॅनिफोल्डची पोलादी पॅकिंग, टर्बो-मॅनिफोल्ड पॅकिंग, डाउनपाइपची पॅकिंग, रिटर्न पाइपच्या दोन्ही टोकांच्या पॅकिंग, सगळ्या बँजोंची तांब्याची वायसर, माउंटचे बोल्ट. ऑइल फीड पाइप नवाच.

तेलाच्या कुठल्याही जोडाला सिलिकॉन लावायचं नाही. दाबून आत निघालेला तुकडा सुटतो आणि थेट टर्बोच्या बेअरिंगच्या भोकात जाऊन बसतो. सिलिकॉन फक्त सम्पला, तेही पातळ.

बोल्टांना निकेलचं अँटीसीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट), आट्यांवर पातळ. पुढच्या वेळी हा धागा वाचायची गरज पडू नये. एम८ ला २५, एम१० ला ४० न्यूटन-मीटरच्या आसपास. अँटीसीझ लावल्यावर बोल्ट सहज फिरतो, म्हणून त्याहून जास्त नको. मॅनिफोल्ड मधून बाहेर असा आवळत जा, दोन टप्प्यांत.

अंबाजोगाई_मोटर्स
पहिल्या स्टार्टचं राहिलं. टर्बो बसवायच्या आधी फीडच्या भोकात स्वच्छ तेल ओता आणि चाक बोटाने फिरवत राहा, खालून तेल बाहेर येईपर्यंत. सगळं जोडल्यावर इग्निशन कॉइलचे आणि इंजेक्टरचे प्लग काढून १०-१० सेकंद स्टार्टर मारा, मधे थांबून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग जोडून स्टार्ट. तीन-चार मिनिटं आयडलवर, ॲक्सिलरेटरला हात नाही. सायलेन्सरमधून सुरुवातीला धूर येईल, डाउनपाइपमध्ये साचलेलं जुनं तेल जळतं ते. वीस-पंचवीस किलोमीटर नीट तापवून चालवल्यावरही निळा राहिला तर टर्बोला दोष द्यायच्या आधी रिटर्न पाइप दबलाय का आणि इंजिनचा ब्रीदर (आतली वाफ बाहेर काढणारी नळी) बुजलाय का ते बघा. तेलाला खाली उतरायला वाट नसेल तर नवा टर्बोसुद्धा सीलमधून तेल सोडतो.

पी०२९९ हा कोड आला, म्हणजे बूस्ट कमी, तर आधी नळ्यांचे क्लॅम्प, मग डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (ॲक्सिलरेटर सोडल्यावर जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) पडदा, मग एन७५ च्या (बूस्ट ठरवणाऱ्या इलेक्ट्रिक झडपेच्या) बारीक नळ्या. या क्रमाने. बहुतेक वेळा एखादी नळी बसवायची राहिलेली असते.

लातूर_२०व्ही
एकच राहिलं. जुना फीड पाइप कार्ब क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून, तार फिरवून साफ केला तर चालेल का? नवा यायला वेळ लागतोय.

अंबाजोगाई_मोटर्स
नाही. सुटलेली खपली वाकणात अडकून राहते आणि गरम तेलाने आठवड्याने सुटते. पाइप येईपर्यंत गाडी उभी ठेवा, टर्बोची सगळी भोकं टेप लावून बंद करा.